मथुरेचा होकार

१

दर गुरुवारी दुपारची वामकुक्षी आटोपली, की आत्माराम मास्तर कोट चढवत, काळी टोपी डोक्यावर ठेवत आणि गुलामगिरी थांबवायला बाहेर पडत. असं त्यांची बायको गोदूबाई म्हणायची हो, मास्तर नव्हेत. मास्तर त्याला नुसतं 'चौकशी' म्हणत.

एकतीस-बत्तीस सालातली गोष्ट. रत्नागिरीत तेव्हा बंद घरांना तोटा नव्हता. मुलं मुंबईला चिकटलेली, मागे राहिलेलं म्हातारं माणूस एक दिवस डोळे मिटायचं आणि घराला कुलूप लागायचं. मग मुंबईहून पत्र यायचं आप्पाशेटला, की बाबा, आहे तसं उचल. आप्पाशेटचा धंदाच तो, घरं उठवायचा. आधी भांडीकुंडी, पाट, पाळणे, माळ्यावरच्या बरण्या. मग कौलं, मग वासे आणि शेवटी जोत्याचे चिरेसुद्धा. दोन-अडीच महिन्यांत घराच्या जागी एकटं तुळशीवृंदावन उभं राहायचं.

कामाला माणसं तो देवरुखाकडच्या डोंगरातून आणायचा, महिन्याभराच्या बोलीवर. ती परत गेलेली मात्र कुणी बघितली नव्हती. एका घरातून दुसऱ्या घरात, आणि दाराला बाहेरून कडी. विचारलं तर म्हणे, माल चोरीला जातो. दोन वर्षांमागे अशाच कडी घातलेल्या घरात एक गडी तापानं मेला, तेव्हा गाव हळहळलं. आता गावाचं हळहळणं म्हणजे कढीला आलेला ऊत, पण या खेपेला चार प्रतिष्ठित मंडळी खरंच एकत्र बसली. त्यांनी मुंबईच्या घरमालकांना पत्रं लिहिली. जबरदस्तीनं कुणाला राबवत नाहीत, अशी आत्माराम मास्तरांची सही असेल तरच आप्पाशेटला घर द्यायचं. मास्तर नुकतेच शाळेतून निवृत्त झालेले, स्वभावानं गरीब गाय. आप्पाशेटनंही हसत हसत मान डोलावली.

तर मास्तर गुरुवारी जात, ओटीवर बसत, गुडघ्यावर कागद ठेवत आणि एकेकाला बोलावून तीन प्रश्न विचारत. नाव काय? गाव कुठलं? खुशीनं आहेस ना?

ओटीवर बसत म्हटलं ते मुद्दाम. आमच्याकडची रीत अशी, की परक्या पुरुषानं यावं ते ओटीपर्यंत. पुढे माजघरात पाऊल टाकायचं तर घरातल्या माणसानं 'या' म्हणावं लागतं. घरातली माणसं गेलेली असली तरी देव्हाऱ्यात देव आहेत तोवर घर नांदतं धरायचं. आणि आप्पाशेट देव हलवायचा ते आतलं सगळं निघाल्यावर, कौलांना हात लावायच्या आधी. "देव आत आहेत, मास्तर," असं तो एकदा म्हणाला होता. तेवढ्यावर मास्तरांनी आत डोकावणंसुद्धा सोडून दिलं.

त्या वर्षी काम चालू होतं मांडवीच्या वाटेवरच्या मयेकरांच्या घरी. गलबतवाल्यांचं घर, चांगलं ऐसपैस. चार माणसं होती. केरू, लवू, सोनूबाई आणि मथुरा. एकेक जण माजघराच्या उंबरठ्याशी येऊन उभं राही, अर्धं उजेडात, अर्धं सावलीत, आणि उत्तर येई, "होय, खुशीनं." मास्तर ते टिपून घेत. मथुरा वीस-बावीस वर्षांची, डाव्या भुवईवर जुनी खोक. तिचा आवाज बारीक आणि लख्ख होता. "माझ्या शाळेत अशी वाणी एकाही पोराची नव्हती गो," असं मास्तर घरी गोदूबाईला कौतुकानं सांगत.

२

वैशाख सरत आला असताना एका रविवारी सकाळी मास्तरांच्या घरापुढच्या खळ्यात एक बाई येऊन बसली. पाय धुळीनं माखलेले, काखेत गाठोडं. हातखंब्यापर्यंत चालत आली होती आणि पुढे कुणाच्या तरी गाडीतून.

"मी धोंडूबाय," ती म्हणाली. "आपाशेटच्या मानसांस्नी इचारनारे मास्तर तुमीच न्हवं?"

"मीच. बसा, पाणी देतो."

"पानी नको. माजी पोर द्या." तिनं पदरानं तोंड पुसलं. "शिमग्याची पालकी नाचून गेली तवा एका म्हयन्यासाठी नेली व्हती. आता पाऊस तोंडावर आला. पोर आली न्हाय. मी गेली आपाशेटच्या दारात, तर सांगतो, तिलाच जायाचं न्हाय. मास्तरांस्नी इचारा."

मास्तरांना हायसं वाटलं, कारण याचं उत्तर त्यांच्याकडे होतं. "मथुरा ना? अहो, चांगली आहे ती. सात गुरुवार बघतोय मी तिला. भुवईवर खोक आहे, तीच ना?"

"आंब्यावरनं पडली व्हती. तीच." बाईचे डोळे भरले. "बरी हाय?"

"अगदी बरी. मी स्वतः विचारतो तिला दर खेपेला. खुशीनं आहेस का म्हणून."

"मंग ती काय करते?"

"करते काय? होय म्हणते."

"मानेनं?"

"मानेनं कशाला, तोंडानं. इतकं स्पष्ट बोलते की..."

मास्तर थांबले, कारण धोंडूबाई उठून उभी राहिली होती. तिचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"मास्तर," ती हळू म्हणाली, "माजी मथुरा मुकी हाय. जल्मापासनं. कानांनी आयकते सगलं, पन वाचा न्हाय. ल्हान असताना रडायची ती बी नुसता तोंड उघडून. बावीस वर्सांत तिनं मला आये म्हनून हाक मारली न्हाय. कोन बोलला तुमच्याशी?"



३

सोमवार त्यांचा जायचा वार नव्हे. तरी भर दुपारी ते मयेकरांच्या खळ्यात उभे होते. ऊन असं की चिऱ्यावर पाय ठेववत नव्हता. वाटेत त्यांनी मनाशी सगळा उलगडा करून टाकला होता. आप्पाशेट लबाड आहे. आत कुणीतरी बाई लपवून ठेवली असेल आणि मथुरेच्या नावानं ती बोलत असेल.

आप्पाशेट ओटीवर गोणपाटावर बसून सुपारी कातरत होता. "काय मास्तर, गुरुवार चुकलात की काय?"

"मथुरेला बोलावा."

आतून भांड्यांचा आवाज येत होता. भांड्यावर भांडं ठेवल्याचा, मग थोडं थांबून पुन्हा भांड्यावर भांडं. मथुरा उंबरठ्याशी आली, तरी आतला आवाज चालूच होता. या वेळी मास्तरांनी कागद काढला नाही. चष्मा पुसला, नाकावर नीट बसवला आणि तिच्या तोंडाकडे बघितलं.

"नाव काय तुझं?"

"मथुरा."

ओठ मिटलेले होते. नुसते मिटलेले नव्हेत, पोरीनं ते दातांखाली घट्ट धरले होते. आवाज तिच्या मागून आला, जरा खालून, जमिनीवर बसलेल्या माणसाचं तोंड असतं तेवढ्या उंचीवरून.

"खुशीनं आहेस?"

"होय, खुशीनं."

आणि मथुरेनं मान हलवली. डावीकडून उजवीकडे, एकदाच. नाही.

सात गुरुवार! सात गुरुवार ही पोर अशीच मान हलवत असणार आणि आपण मान खाली घालून तिचा होकार टिपत होतो. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, यातलं आंधळं कोण ते आता त्यांना कळलं. त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"केरूला बोलवा," ते म्हणाले.

केरू आला. दांडगा गडी, पण डोळे खोल गेलेले. त्यालाही तेच विचारलं. जाड, घोगरा पुरुषी आवाज आला. "होय, खुशीनं." केरूचं तोंड बंद होतं. आवाज मथुरेचा आला होता तिथूनच आला, तसाच जमिनीलगतून.

रिकाम्या घरात आवाज घुमतो, मास्तरांनी स्वतःला बजावलं. भलत्या कोपऱ्यातून येतो. एक बाई आणि एक पुरुष, दोघांना आत बसवलं असेल. बसवता येतं. त्यात काय?

"आत कोण आहे?" त्यांनी माजघराच्या काळोखाकडे बघत मोठ्यानं विचारलं.

भांड्यांचा आवाज थांबला.

"कोन न्हाय, मास्तर," आतून लख्ख, बारीक आवाजात उत्तर आलं.

आप्पाशेटचा अडकित्ता हातात तसाच राहिला होता. त्यानं आत बघितलं नाही. तो खळ्याकडे बघत होता, आणि मास्तरांच्या आता ध्यानात आलं, की इतक्या दिवसांत त्यांनी आप्पाशेटला उंबरठ्याच्या आत कधी बघितलंच नव्हतं. तोसुद्धा कायम ओटीवरच.

"आप्पा, तुम्ही आत जात नाही?"

"मी?" आप्पाशेट हसला, पण ते हसू ओठांपाशीच संपलं. "मला काय वेड लागलंय? मास्तर, ही घरं म्हणजे तुम्हाला काय वाटतं? खुशीनं कोण येईल यांत? पहिल्यांदा मी गावातली माणसं लावली होती, रोजावर. दुसऱ्या दिवशी एक फिरकेल तर शपथ! मग कडी घालावी लागली. काम तर व्हायला हवं ना?"

"आत काय आहे?"

"बघितलं कुणी? आता पिकलं पान तुम्ही, घरी जा. परवा बुधवारी देव हलवतो, कौलं-वासे मागाहून. सकाळी देव निघाले, की ही चौघं गाडीत घालून पुढच्या गावी. तुमच्या हद्दीबाहेर. मग तुम्ही सुटलात आणि मी सुटलो."

उंबरठ्यावर मथुरा उभीच होती. ती मास्तरांकडे बघत होती. मग आतल्या कुणी हाक मारल्यासारखी ती एकदम वळली आणि काळोखात गेली. हाक मात्र मास्तरांना ऐकू आली नव्हती.

४

"आणि तुम्ही परत आलात?" गोदूबाईनं विचारलं.

मास्तर जेवत नव्हते. पानातला भात नुसता चिवडत होते. ओसरीवर धोंडूबाई भिंतीला टेकून बसली होती. तिला सगळं ऐकू जात होतं.

"देव आत आहेत, गोदू. बोलावल्याशिवाय परक्याच्या माजघरात..."

"अहो, भीड भिकेची बहीण! ती पोर तिथं मरतेय आणि तुम्ही 'या' म्हणायची वाट बघताय? कोण म्हणणार होतं? मयेकरांची म्हातारी वर गेली तिला चार वर्षं झाली. त्या देवांनी काय आपणहून उठून तुम्हाला पाट मांडायचा?"

खरं कारण रीत नव्हतंच. दुपारी त्या आवाजानं 'कोन न्हाय' म्हटलं, तेव्हा ते घाबरले होते, आणि ओटीवरून उतरायला रीत बरी सापडली होती. हे बायकोला कसं सांगायचं?

"आवाजाचं काय म्हणतेस?" त्यांनी शेवटी विचारलं.

"लपवली असेल एखादी नकला करणारी. आप्पा मेला बारा गावचं पाणी प्यायलेला." गोदूबाईनं धोंडूबाईकडे बघून आवाज खाली आणला. "आणि नसेल तर नसेल. पोर तर हाडामांसाची आहे ना? मग तिला हाताला धरा आणि बाहेर आणा. बाकी कशाकडे बघू नका."

"परवा सकाळी आणतो," मास्तर ओसरीकडे तोंड करून म्हणाले. "शब्द देतो, बाई."

धोंडूबाईनं हात जोडले. तिला रडू आवरेना.

५

बुधवारी सकाळी मास्तर धोंडूबाईला घेऊन मयेकरांकडे पोचले, तेव्हा खळ्यात बैलगाडी उभी होती. गुरव देवांची टोपली डोक्यावर घेऊन बाहेर आला आणि मागे न बघता भराभरा वाटेला लागला. गाडीपाशी केरू, लवू आणि सोनूबाई उभी होती. तिघंच होती.

"मथुरा कुठे?" मास्तरांनी विचारलं.

"येतेय. शेवटचं आवरतेय," आप्पाशेट गाडीच्या पलीकडून म्हणाला.

धोंडूबाई दाराकडे धावली, तर मास्तरांनी तिला अडवलं. "तुम्ही थांबा. माझं काम आहे. मी सात खेपा केलं नाही, ते आज करतो." हे बोलताना त्यांना बरं वाटलं, हे त्यांना पुढे जन्मभर आठवत राहिलं.

ओटी ओलांडून ते माजघरात शिरले. देव गेलेले, आता अडवायला रीतही उरली नव्हती. माजघर पार रिकामं होतं. भिंतींवर तसबिरींच्या जागा तेवढ्या उजळ दिसत होत्या. पाय टाकला आणि तळव्याला गार लागलं. जमीन ओली होती, आत्ताच शेणानं सारवलेली, हाताचे फराटे एकसारखे उमटलेले. उठवायच्या घराची जमीन कोण सारवतं? मास्तरांनी मागे वळून बघितलं. त्या ओल्या जमिनीवर त्यांच्या एकट्याच्याच पावलांचे ठसे होते.

मथुरा आधीपासून आत असेल, ते मनात म्हणाले. सारवत सारवत मागे गेली असेल. बरोबर. सारवताना माणूस मागेच सरकतं.

स्वयंपाकघरात चुलीचे दगडसुद्धा उचललेले होते. एक भांडं शिल्लक नव्हतं. तरी भांड्यावर भांडं ठेवल्याचा आवाज येत होता. तो येत होता स्वयंपाकघराच्या पलीकडून, बाळंतिणीच्या खोलीतून. अशा घरांत ती खोली असतेच, बुटक्या दाराची, बिनखिडकीची, वारा लागू नये म्हणून चहूबाजूंनी बंद. दारातून आत हातभर उजेड पडला होता. पुढे मिट्ट काळोख.

मास्तर त्या दाराशी थांबले. आवाजही थांबला.

"या," आतून कुणीतरी म्हणालं.

रीतीप्रमाणे आता त्यांना कुणी अडवणारं नव्हतं. सात गुरुवार ज्या शब्दासाठी ते खोळंबले, तो शब्द त्यांना मिळाला होता, आणि तो ऐकून त्यांना ओरडत पळत सुटावंसं वाटलं.

"मथुरा!"

"होय."

"बाहेर ये. तुझी आई आली आहे."

"होय."

कुणी आलं नाही. मास्तर वाकले. आत जायचा धीर झाला नाही. ते चौकटीत गुडघे टेकून बसले, डावा हात चौकटीला लावला आणि उजवा हात काळोखात घातला.

"हात दे पोरी. दे हात."

काही वेळ काहीच नव्हतं. मग त्यांच्या हातात एक हात आला. अगदी अलगद, सासरी निघालेल्या मुलीनं द्यावा तसा. मास्तरांनी तो घट्ट धरला आणि ओढायला लागले.

त्याच क्षणी दुसऱ्या कुणीतरी त्यांचं डावं मनगट पकडलं.

ती पकड अलगद नव्हती. पाचही बोटं कातडीत रुतली. नखं लागली. काळोखातून नुसता जोरजोराचा श्वास येत होता, आणि ती पकड त्यांना आत खेचत होती, की त्यांच्या आधारानं बाहेर यायला बघत होती, हे कळायची सोय नव्हती. मास्तर किंचाळले. गोदूबाईचे शब्द त्यांच्या डोक्यात होते, बाकी कशाकडे बघू नका. त्यांनी मनगट हिसडलं. सुटेना. मग त्यांनी ते पकडीसकट चौकटीच्या लाकडावर आपटलं. एकदा आपटलं, दुसऱ्यांदा आपटलं. तिसऱ्यांदा काहीतरी मोडल्याचा बारीकसा आवाज झाला आणि बोटं सुटली. कुणी ओरडलं नाही.

"चला, मास्तर," उजव्या हातातल्या हाताच्या बाजूनं शांतपणे शब्द आले.

मास्तर उठले आणि तो हात ओढत धावत सुटले. स्वयंपाकघर, माजघर, ओटी. मागे वळून त्यांनी बघितलंच नाही.

६

खळ्यातल्या उन्हात आल्यावर त्यांनी हात सोडला. मथुराच होती. तेच लुगडं, तीच डाव्या भुवईवरची खोक. मास्तरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. आयुष्यात एक तरी काम तडीस नेलं, असं त्यांना वाटलं.

धोंडूबाई धावत आली. तिनं पोरीला मिठी मारली, तिच्या केसांवरून, पाठीवरून हात फिरवला. "माजी बाय! माजी सोन्यासारकी बाय!"

"आये," पोर म्हणाली.

बारीक, लख्ख आवाज. या खेपेला ओठ हलले होते.

धोंडूबाईचे हात जागच्या जागी थांबले. बावीस वर्षं जो शब्द ऐकायला ती नवस बोलली असेल, तो तिच्या कानाशी उच्चारला गेला होता. क्षणभर तिच्या तोंडावर असा आनंद दिसला, की मास्तरांनी दुसरीकडे बघितलं. मग तो आनंद विझला. तिनं पोरीला हळूच दूर केलं आणि तिचं तोंड हातांत धरून बघत राहिली.

"आये, घरी चल," पोर म्हणाली.

धोंडूबाईनं हात काढून घेतले, पदराला पुसले आणि घरात धाव घेतली. तिच्या हाका खळ्यात ऐकू येत होत्या, माजघरातून, स्वयंपाकघरातून, मग त्याही मागून. "मथुरा! मथुरा गो!" केरू तिच्या मागून धावला. कुणी सांगितलं नसताना, आपणहून. त्यानं पहारीनं बाळंतिणीच्या खोलीवरची कौलं पाडली. उजेड आत घुसला. चार भिंती आणि ओली, सारवलेली जमीन, याखेरीज तिथं काही नव्हतं. त्यांनी माळा बघितला, मागचं दार बघितलं. मागच्या दाराला बाहेरून कडी होती.

आप्पाशेट गाडीच्या दांडीवर बसला होता. "चार माणसं होती, मास्तर," तो म्हणाला. "तीन ही आणि चौथी तुमच्यापुढे उभी. मोजून घ्या. माझ्याकडे कुणी राहिलं नाही. आणि ही तिघंही जाऊ देत, कुठं जायचं तिथं जाऊ देत. मला आता कुणी नको."

लवू आणि सोनूबाई तेवढंच ऐकायला थांबल्यासारखी वाटेकडे पळत सुटली.

धोंडूबाई बाहेर आली, ती कितीतरी वेळानं. हाक मारून मारून तिचा घसा बसला होता. तुळशीपाशी ती पोर उभी होती, खोक असलेली, हसऱ्या तोंडाची. धोंडूबाईनं तिच्याकडे बघितलं नाही. ती मास्तरांसमोर जमिनीवर बसली.

"मास्तर," ती म्हणाली, "आत काय झाला ते सांगा. तुमी हात धरलाव. कोनी दिला हात?"

"काळोख होता, बाई. मी हात घातला. आतून हात आला."

"येकच आला?"

मास्तरांना खोटं बोलता आलं असतं. एकच म्हटलं असतं तर ती बाई समोरच्या पोरीला घेऊन घरी गेली असती, कदाचित. रडत, पण गेली असती. पण त्यांचं डावं मनगट सुजलं होतं आणि बाईची नजर त्या मनगटावरच होती. पाच बोटांचे वळ तिथे लालभडक उठले होते.

"दोन होते," ते म्हणाले.

"दुसरा?"

"त्यानं मला धरलं. मी घाबरलो, बाई. मला वाटलं, ते... घरातलं ते मला आत ओढतंय. मी सोडवला. चौकटीवर आपटून सोडवला."

"वरडला कोनी?"

"नाही."

धोंडूबाईच्या तोंडातून आवाज निघाला नाही. ती नुसती तोंड उघडून रडत होती. मग तिनं मास्तरांचं मनगट आपल्या दोन्ही हातांत घेतलं, आणि त्या वळांवर एकेक करून आपली बोटं ठेवली.

"तुमी आनलाव तो हात मी आता धरला व्हता," ती म्हणाली. "गार हाय. मातीवानी गार. उन्हात बी गार. दुसरा कसा व्हता, मास्तर?"



"गरम होता," ते म्हणाले. "गरम होता, बाई."